चालू कॅटलिस्टच्या पोटात डोकावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्याआधीची काही वर्षं कॅटलिस्ट, म्हणजे पाठ्यपुस्तकातला उत्प्रेरक, प्रत्यक्ष काम करत असताना त्याच्यावर क्ष-किरण सोडून तो पाहण्यात गेली. राजेंद्रनगरातल्या हळदीकुंकवापासून बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलपर्यंत तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कॅटलिस्ट बदलत नाही, म्हणूनच त्याला कॅटलिस्ट म्हणतात ना? मग त्याच्यात पाहायचं काय?

ही व्याख्या दहावीत एक मार्क देते आणि पुढची दहा वर्षं छळते. बर्झेलियसने १८३५ मध्ये हा शब्द आणला तेव्हा त्याच्या हाती फक्त शेवटचा हिशेब होता. अभिक्रिया संपली आणि टाकला होता तेवढा पदार्थ परत मिळाला, एवढंच त्याला सांगता येत होतं. मधल्या वेळात काय घडलं ते पाहायची सोयच नव्हती. घडतं मात्र पुष्कळ.

अमोनियाचं घ्या. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘उत्प्रेरक: लोह’. कारखान्यात भरतात ते मात्र बहुतांशी मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचा ऑक्साइड. सोबत थोडं ॲल्युमिना, पोटॅश, चुना. रिॲक्टर तापवून हायड्रोजन सोडला की तो ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, पाण्याची वाफ होऊन निघून जातो आणि मागे सच्छिद्र लोखंड उरतं. काम करतं ते हे लोखंड. पिंपावरच्या लेबलात त्याचं नाव नसतं.

आमच्या घरातलं उदाहरण सांगते. माळव्यात सोयाबीन, आणि सोयाबीन म्हणजे तेल. माझे वडील एका तेल कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होते. वनस्पती तूप करायला तेलात हायड्रोजन सोडतात, आणि ते काम निकेल करतं. हे निकेल यायचं काळपट मेणासारख्या चकत्यांच्या रूपात. मला लहानपणी वाटायचं, निकेल असंच असतं. खरं म्हणजे ते घट्ट केलेल्या तेलात गोठवलेलं असायचं, कारण हायड्रोजनने ऑक्सिजन काढून घेतलेलं बारीक निकेल उघडं ठेवलं तर हवेत तापतं, प्रसंगी पेटतं. चकती गरम तेलात विरघळली की निकेल मोकळं होऊन कामाला लागायचं. तेव्हा चकतीचा फोटो कितीही चांगला काढला तरी तो कामावर निघालेल्या माणसाचा घरच्या कपड्यातला फोटो झाला.

कामाआधी एकदा आणि कामानंतर एकदा तपासलं तर भागत नाही का?

कधीकधी भागतं. साचलेला कोळसा किंवा कण एकमेकांना चिकटून मोठे होणं, म्हणजे सिंटरिंग, हे बाहेर काढल्यावरही दिसतं. पण गरम रिॲक्टर थंड केला, वायू बंद केले, नमुना हवेत काढला, तेवढ्यात पृष्ठभाग पार बदलून जातो.

मिथेनॉल बनवायला तांबं आणि झिंक ऑक्साइड वापरतात. २००२ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तांब्याचे काही नॅनोमीटरचे कण विरळ वायूत ठेवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. नुसत्या हायड्रोजनमध्ये कणाचा एक आकार. त्यात थोडी पाण्याची वाफ मिसळली तर कण गोलसर. कार्बन मोनॉक्साइड मिसळला तर झिंक ऑक्साइडवर पसरट. वायू बदलला की आकार बदलायचा, आणि आधीचा वायू दिला की कण परत पहिल्यासारखा. म्हणजे ‘ह्या कॅटलिस्टचा आकार काय’ हा प्रश्न ‘कोणत्या वायूत’ हे विचारल्याशिवाय अर्धाच राहतो. आधीच्या आणि नंतरच्या फोटोत हे कधीच सापडलं नसतं, कारण दोन्ही वेळा कण हवेतलाच.

‘इन सिटू’ आणि ‘ऑपेरांडो’ एकच ना?

नाही, आणि मुलाखतीत हे नक्की विचारतात. इन सिटू म्हणजे तापमान आणि वायू देऊन जागच्या जागी पाहणं. ऑपेरांडो म्हणजे ते करत असतानाच, त्याच क्षणी, बाहेर पडणारा माल मोजणं. हा शब्द २००२ च्या सुमारास रूढ झाला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘काम करता करता’ असा. माल मोजला नाही तर समोरचा पदार्थ कॅटलिस्ट म्हणून वागतोय की नुसता तापतोय, हे कळायला मार्ग नाही. माझ्या मते अर्ध्याहून अधिक ‘ऑपेरांडो’ शीर्षकं ‘तापवून पाहिलं’ एवढ्याच लायकीची असतात, पण ते असो.

माल मोजणंही सरळ नाही. बाहेरचा वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात, तो रेणूचं वस्तुमान सांगतो. कार्बन मोनॉक्साइडचं २८. नायट्रोजनचंही २८. इथिलीनचंही २८. मी एकदा रात्री तीन वाजता २८ ची रेघ चढताना पाहून हरखून गेले होते. सकाळी ३२ च्या रेघेकडे लक्ष गेलं. तीही चढली होती. काचेच्या नळीच्या टोकाचा माझ्याच हाताने लावलेला गोंद फुटला होता आणि हवा आत येत होती. हवेतला नायट्रोजन २८ वर, ऑक्सिजन ३२ वर. तेव्हापासून हीलियम सोडून गळती तपासल्याशिवाय मी मोजमाप सुरू करत नाही.

‘वेगवेगळ्या मापांवर पाहणं’ म्हणजे नेमकं काय? लहानात लहान दिसलं की झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्याला एक घरगुती हिशेब.

निकेलचा अणू साधारण पाव नॅनोमीटरचा. तो ऐंशी लाख पट मोठा केला तर दोन मिलिमीटरचा होतो, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा. आता बाकी सगळं त्याच पटीत मोठं करू. पाच नॅनोमीटरचा निकेल कण चार सेंटिमीटरचा, लिंबाएवढा. ज्या छिद्रात तो बसलाय ते दहा नॅनोमीटरचं असेल तर आठ सेंटिमीटरचं, साधारण तोंडाला रुंद पेल्याएवढं. आणि तीन मिलिमीटरची एक कॅटलिस्टची गोळी? चोवीस किलोमीटर. राजवाड्यापासून महूपर्यंतचा पल्ला. अशा गोळ्यांनी भरलेला दहा मीटर उंच रिॲक्टर ऐंशी हजार किलोमीटरचा होईल, पृथ्वीला दोन वेढे घालण्याइतका.

अभिक्रिया घडते मोहरीच्या दाण्यावर. पण कच्चा माल तिथवर इंदूर ते महू अशा भोकाभोकांच्या वाटेने चालत येतो आणि तयार माल तसाच परत जातो. वाटेत गर्दी झाली, वाट बुजली, आतल्या बाजूला उष्णता कोंडली, तर दाणा कितीही उत्तम असून उपयोग नाही. दाण्याचा दोष आहे की वाटेचा, हे दाणा पाहून कळत नाही. नुसती वाट पाहूनही कळत नाही.

आणि काही गोष्टी मधल्याच मापावर असतात. गेरहार्ड एर्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपास प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड जळताना पाहिला. त्यांना पृष्ठभागावर मायक्रॉनच्या मापाच्या फिरत्या चकऱ्या दिसल्या. काही भाग ऑक्सिजनने व्यापलेला, काही मोनॉक्साइडने, आणि सीमा सरकत राहिलेली. एक अणू पाहणाऱ्याला त्या दिसल्या नसत्या, अख्ख्या रिॲक्टरचं तापमान मोजणाऱ्यालाही नाही. पृष्ठभागावरच्या रसायनशास्त्राबद्दल एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं.

पण आता सूक्ष्मदर्शकातून अणू दिसतात म्हणे. मग बाकी खटाटोप कशाला?

दिसतात, आणि पहिल्यांदा दिसतात तेव्हा काही मिनिटं बोलवत नाही. तरी दोन अडचणी आहेत.

पहिली दाबाची. इलेक्ट्रॉन वायूत अडखळतात, म्हणून सूक्ष्मदर्शकात पोकळी लागते. खास बनावटीच्या यंत्रांत नमुन्याभोवती थोडा वायू सोडता येतो, पण तो साधारण दहा-वीस मिलिबारपर्यंत. मिथेनॉलचा कारखाना चालतो ५० ते १०० बारवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण तेवढ्या पटीवर. सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पडद्यांच्या दोन खिडक्यांमध्ये वायू कोंडून दाब वातावरणाएवढा, थोडा जास्तही नेता येतो. पडदा शंभर नॅनोमीटरहूनही पातळ, त्यामुळे तो फुटू नये म्हणून जीव मुठीत धरून बसावं लागतं. शिवाय इतक्या कमी पदार्थातून निघणारा माल मोजायचा म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरला कुजबुज ऐकायला लावणं.

दुसरी अडचण मोठी, आणि तिच्याकडे काणाडोळा होतो. अणू दिसतील अशा चित्राची चौकट असते समजा शंभर नॅनोमीटरची. वरच्या हिशेबात ती ऐंशी सेंटिमीटर, एका चौरंगाएवढी. इंदूर-महू रस्त्यावर एका ठिकाणी चौरंग मांडला, त्यावरचे दाणे मोजले आणि सांगितलं की सगळीकडे असंच आहे. शिवाय गोळीला खोलीही आहे. तीन मिलिमीटरच्या गोळीत शंभर नॅनोमीटरचे असे ठोकळे सत्तावीस लाख कोटी बसतात. शोधनिबंधात छापलेला फोटो त्यातला सगळ्यात देखणा असतो, हे वेगळं सांगायला नको. कुणी ‘प्रातिनिधिक चित्र’ असं लिहिलं की मी मनात विचारते, कोणी निवडून दिलं ह्या प्रतिनिधीला?

मग क्ष-किरण का? आणि ह्यात इंदूरचा काय संबंध?

क्ष-किरण वायूतून, काचेतून, बऱ्यापैकी दाबाच्या नळीतून पार जातात. म्हणून खऱ्या परिस्थितीतला नमुना पाहता येतो. पण ते प्रखर हवेत आणि हवी ती ऊर्जा निवडता यायला हवी. त्यासाठी सिंक्रोट्रॉन लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गोल फिरवणारी कडी. ते वळतात तिथे किरण निघतात.

भारतात अशा दोन कड्या आहेत आणि दोन्ही इंदूरला. ज्याला आपण अजूनही ‘कॅट’ म्हणतो आणि रस्त्याला ‘कॅट रोड’, त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात. पायाभरणी १९८४ ची, हे नाव २००५ पासूनचं. इंडस-१ लहान, तिची ऊर्जा ४५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इंडस-२ चा घेर सुमारे १७२ मीटर आणि ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कॅटलिस्टवाल्यांना लागणारे कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण इंडस-२ देते. कडीतून निघालेला किरण प्रयोगापर्यंत आणणाऱ्या वाटेला बीमलाइन म्हणतात; तिथल्या बीमलाइन ८ आणि ९ एक्साफ्स नावाच्या तंत्रासाठी आहेत.

एक्साफ्सची कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली की ८३३३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास निकेल अचानक भराभर शोषायला लागतं. ही निकेलची के-एज. तांब्याची ८९७९ ला, लोहाची ७११२ ला. प्रत्येक मूलद्रव्याची आपली जागा, त्यामुळे गर्दीतही निकेलशीच बोलता येतं. शोषणानंतर अणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, त्याची लाट शेजारच्या अणूंवर आपटून परत येते, आणि त्यामुळे शोषणाच्या आलेखावर बारीक तरंग उमटतात. त्या तरंगांतून शेजारी किती आणि किती लांब, हे काढता येतं. निकेल ऑक्साइडमध्ये निकेल आणि ऑक्सिजनमधलं अंतर साधारण ०.२०८ नॅनोमीटर. निकेल धातूत निकेल ते निकेल ०.२४९. नमुना हायड्रोजनमध्ये तापवत बसलं की पहिलं अंतर विरत जातं आणि दुसरं उमटायला लागतं. समोर ऑक्साइडचा धातू होताना पाहतो आपण. त्यासाठी स्फटिक असण्याची गरज नाही. म्हणून दोन-तीन नॅनोमीटरच्या खालचे कण, जे क्ष-किरण विवर्तनाला (स्फटिकावरून विखुरलेल्या किरणांवरून रचना ओळखण्याच्या तंत्राला) नीट दिसत नाहीत, ते इथे दिसतात.

बीमलाइन ९ ऊर्जा पायरीपायरीने बदलते, तर ८ वाकवलेल्या स्फटिकाच्या मदतीने सगळ्या ऊर्जा एकदम पसरते आणि अख्खा वर्णपट एका फटक्यात घेते. बदल झपाट्याने होत असेल तर दुसरी पद्धत बरी. मऊ क्ष-किरणांसाठी खंडवा रोडवरच्या यूजीसी-डीएई केंद्राने इंडस-२ वर वेगळी बीमलाइन उभारली आहे.

एक्साफ्सने सगळं कळतं तर!

उलट, एक्साफ्सइतकं कुणी फसवत नाही. ते सरासरी सांगतं.

मिथेनचं अंशतः ऑक्सिडीकरण करून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड बनवतात, त्यात ऱ्होडियम वापरतात. साधा मोठा किरण नळीवर टाकला तर उत्तर येतं, ‘ऱ्होडियम अर्धवट ऑक्सिडाइज झालेलं आहे’. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात संशोधकांनी नळीतून पार झालेला किरण मोजायला साध्या मापकाच्या जागी कॅमेरा वापरून नळीचा नकाशाच काढला. नळीच्या तोंडाशी, जिथे अजून ऑक्सिजन आहे, तिथे ऱ्होडियम ऑक्साइड. थोडं पुढे ऑक्सिजन संपतो आणि तिथून ऱ्होडियम धातू. मधली सीमा मिलिमीटरच्या काही भागाइतकीच रुंद. ‘अर्धवट’ असं ऱ्होडियम नळीत जवळपास कुठेच नव्हतं. एका घरात एक उपाशी आणि एक ताट चाटून बसलेला असताना ‘सरासरी दोघे अर्धपोटी’ असा अहवाल द्यावा, तसं ते उत्तर होतं.

म्हणून आता कल टोमोग्राफीकडे आहे. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचंच तत्त्व. गोळी फिरवत फिरवत सगळीकडून किरण सोडायचे आणि गणिताने आतला प्रत्येक काप उभा करायचा. फरक इतकाच की प्रत्येक ठिकाणी नुसती घनता न मोजता विवर्तन किंवा शोषणाचा वर्णपट घ्यायचा. म्हणजे गोळीच्या गाभ्यात निकेल ऑक्साइड राहिलाय आणि सालीकडे धातू झालाय, हे न फोडता दिसतं. वेळ मात्र खूप लागतो. एक काप पुरा होईपर्यंत आतलं चित्र बदलून गेलं तर हललेल्या माणसाच्या फोटोसारखं होतं.

वडोदऱ्याजवळच्या कोयली रिफायनरीसारख्या ठिकाणी, जी १९६५ पासून चालू आहे, जड तेल तोडायला झिओलाइट (अतिबारीक छिद्रांचं स्फटिकी खनिज) असलेली बारीक वाळूसारखी पूड वापरतात. तिचा एक कण सरासरी सत्तर मायक्रॉनचा. तो पाचशेच्या आसपास अंशांवर तेलाला काही सेकंद भेटतो, कोळशाने काळा होतो, सातशेच्या आसपास अंशांवर भाजून परत येतो, आणि ह्या फेऱ्या संपतच नाहीत. २०१५ च्या सुमारास अशा एकेका वापरलेल्या कणाची क्ष-किरण नॅनो-टोमोग्राफी झाली, तेव्हा कच्च्या तेलातून आलेलं लोह आणि निकेल कणाच्या बाहेरच्या सालीत साचून छिद्रांची तोंडं बुजवताना दिसलं. आतलं झिओलाइट काम करायला तयार, पण दारच बंद. हे काम ऑपेरांडो नव्हतं, कण बाहेर काढलेले होते. तरी मला ते आवडतं, कारण कुठल्या मापावर शोधायचं हे त्यांनी बरोबर ओळखलं.

त्या चित्रांतले रंग खरे असतात का?

नाही. लाल म्हणजे निकेल, निळं म्हणजे ॲल्युमिना, असं करणारा ठरवतो. रंगपट्टी कुठून सुरू होते ते आधी बघा. पट्टी जरा सरकवली की सपाट नकाशातही डोंगर उभे राहतात.

किरणांनीच नमुना बिघडत नाही का?

बिघडतो. तांब्याची संयुगं क्ष-किरणांखाली आपोआप क्षपित होताना सापडली आहेत. नमुना द्रवात असेल तर किरणांनी द्रवातच मूलकं, म्हणजे रेणूंचे अतिक्रियाशील तुकडे, तयार होतात आणि ती वेगळाच खेळ मांडतात. इलेक्ट्रॉन किरण तर कणांना सरळ हलवतो. उपाय कंटाळवाणे आहेत, पण ते केल्याशिवाय निष्कर्षावर विश्वास ठेवू नये. शटर बंद ठेवून तोच प्रयोग करायचा आणि माल तेवढाच निघतो का ते पाहायचं. मग नमुन्याच्या ताज्या जागेवर जाऊन पुन्हा. मग कॅटलिस्ट न घालता नुसती नळी. विद्यार्थी ह्यालाच वेळ वाया घालवणं म्हणतात, कारण मिळालेला बीमटाइम, म्हणजे किरण वापरायचा वेळ, मोजका असतो.

‘कॅट’च्या जवळ राहणाऱ्यांना रेडिएशनची भीती आहे का?

कडीभोवती जाड काँक्रीट असतं, बीमलाइनची खोली बंद झाल्याशिवाय किरण सुटत नाही आणि दार उघडलं की थांबतो. इलेक्ट्रॉन फिरायचे थांबले की सिंक्रोट्रॉनचे किरणही थांबतात. आमच्या कॉलनीतल्या काकूंना त्यापेक्षा मच्छरांनी जास्त त्रास दिलाय.

महाविद्यालयात सिंक्रोट्रॉन नाही. मग काहीच पाहता येणार नाही?

येतं की! इन्फ्रारेडने पृष्ठभागावर कोण बसलंय ते कळतं. प्लॅटिनमवर सरळ उभा राहिलेला कार्बन मोनॉक्साइड २०५० ते २०९० सेंटिमीटर-व्यस्त ह्या पट्ट्यात ओळख देतो. रामन वर्णपटात कोळसा १३५० आणि १५९० च्या आसपास दोन उंचवट्यांनी उघडा पडतो. आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे थर्मोकपल. रिॲक्टरच्या मधोमध बारीक नळी घालून थर्मोकपल वरखाली सरकवा आणि प्रत्येक सेंटिमीटरला तापमान लिहा. अभिक्रिया उष्णता सोडणारी असेल तर ती नेमकी कुठे चालली आहे ते लगेच दिसतं. काही महिन्यांनी तो गरम पट्टा खाली सरकलेला दिसला तर वरचा थर मेला. कारखान्यातल्या ऑपरेटरना हे आधीपासून ठाऊक असतं, फक्त ते ह्याला ‘स्थानिक विभेदनाने मापन’ म्हणत नाहीत.

माझ्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्येही कॅटलिस्ट आहे म्हणे?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्यानंतरच्या पेट्रोल गाडीत असतोच. जाळीवर ॲल्युमिनाचा लेप आणि लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे कण. तो पुरता तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या मिनिटांत धूर जास्त. ह्या लेपावरही वर सांगितलेली बहुतेक तंत्रं वापरून झाली आहेत.

मुलीला ह्या क्षेत्रात यायचंय. काय शिकावं?

एम.एस्सी. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र, किंवा केमिकल इंजिनिअरिंग. पुढे नेट किंवा गेट. घर सोडायचं नसेल तर सिमरोलचं आयआयटी आणि खंडवा रोडचं यूजीसी-डीएई केंद्र इथेच आहेत. पुण्यात मावशी असेल, आणि इंदूरच्या मराठी घरात ती असतेच, तर एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आहे. पायथन यायला हवं, कारण एका रात्रीत हजारो वर्णपट जमतात आणि ते हाताने कुणी उघडत नाही. नळ्यांना फिटिंग लावता यायला हवं. ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, माझा अर्धा वेळ तिथेच गेला.

तेलाच्या कारखान्यात एखादी बॅच मध्येच रेंगाळते. तुमच्या तंत्रांनी तिचं कारण सांगता येईल का?

हा प्रश्न माझ्या वडिलांचा. निवृत्त झाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. तेच तेल, तोच हायड्रोजन, तेवढंच निकेल, आणि तरी एके रात्री बीआर रीडिंग (तेलात हायड्रोजन किती जोडला गेला ते सांगणारा अपवर्तनांकाचा आकडा) उतरता उतरेना.

कारणं निरनिराळ्या मापांवर असू शकतात, आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. ढवळणी नीट चालत नसेल तर हायड्रोजन तेलात पुरेसा मिसळत नाही. हा टाकीच्या मापाचा दोष, त्याला क्ष-किरण नको, मोटरचा ॲम्पिअर मीटर पुरे. अशा वेळी तेलात ट्रान्स-फॅटही वाढतात. हायड्रोजन कमी पडला की निकेलवर अर्धवट जोडला गेलेला रेणू वळतो आणि आधीचा हायड्रोजन टाकून उलट्या वळणाचा दुहेरी बंध घेऊन सुटतो. तेव्हा त्याची कुणी पर्वा करत नव्हतं. जानेवारी २०२२ पासून खाद्य तेल-तुपात ट्रान्स-फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

दुसरं कारण छिद्रांच्या मापाचं. तेलातून डिंक, म्हणजे फॉस्फोलिपिड, किंवा साबण नीट काढला नसेल तर ते छिद्रांच्या तोंडाशी बसतात. तेलाचा रेणू मुळातच साधारण दोन नॅनोमीटरचा, अवजड, त्याला अरुंद वाट चालतच नाही. वापरलेल्या निकेलचा काप घेऊन फॉस्फरसचा नकाशा काढला तर हे दिसेल.

तिसरं कारण अणूच्या मापाचं, म्हणजे गंधक. थोडासा गंधकही निकेलच्या पृष्ठभागाला असा चिकटतो की सुटत नाही. कणाच्या पोटातलं निकेल धातूच राहतं, त्यामुळे निकेलच्या के-एजवर जवळपास काहीच फरक दिसत नाही. पाहायचं तर गंधकाकडून पाहावं लागतं. त्याची एज २४७२ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, आणि इतके मऊ किरण तेलाच्या थरातच संपून जातात. म्हणजे चालू टाकीत नाही, तेलाचा अगदी पातळ पापुद्रा धरणारी खास सेल बनवूनच.

बाबांना मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “मग बघून सांग ना, ह्यातलं कोणतं होतं?” मी विचारलं, त्या बॅचचं निकेल कुठेय? फिल्टर प्रेसमधून निघालेला काळा लगदा त्याच आठवड्यात निकेल काढून घेणाऱ्याला विकला गेला होता.

तुमच्या कारखान्यात असं झालं तर निदान मूठभर लगदा बाजूला काढा. त्याच तेलात बुडवून, बाटली तोंडापर्यंत भरून, घट्ट झाकण लावून ठेवा. कागदात किंवा पोत्यात नको, वापरलेलं निकेल आपोआप तापतं. बाटलीवर तारीख, बॅच नंबर आणि त्या रात्रीची बीआर रीडिंग लिहा.